लाल रंग विकल्या चित्रासाठी राखून ठेवा

विचारणा थोडक्यात अशी आहे. पुण्यातल्या एका न्यासाच्या कलादालनाचं छत पावसाळ्यात गळतं आणि दुरुस्तीसाठी निधी उभा करायचा आहे. त्यासाठी डिसेंबरात एका संध्याकाळी १२० पाहुणे, जेवण, चार भाषणं आणि चित्रांचा लिलाव असा बेत ठरतोय. दालन ७० बाय ४५ फुटांचं, बाहेर मोठं पोर्च, भिंतींवर जलरंग आणि तैलरंग मिळून चाळीसेक चित्रं. विश्वस्तांना सजावट 'एकदम रंगीबेरंगी' हवी आहे, चित्रकारांना धास्ती की त्या रंगात चित्रं बुडतील, आणि हातात पैसा बेताचा. विचारणाऱ्या ताई समितीच्या सचिव आहेत आणि दोघांच्या कात्रीत सापडल्या आहेत.

ताई, दोन्ही बाजूंना हवं ते देता येईल, पण रंग कुठे घालायचा आणि कुठे अजिबात घालायचा नाही हे आधी ठरवून घ्या. मांडववाल्याला बोलावण्याच्या आधी. तो आला की पहिल्या पाच मिनिटांत अल्बम उघडतो, आणि मग चर्चा त्याच्या गोदामात काय पडून आहे यावरच होते.

माझा पहिला सल्ला ऐकून विश्वस्त बिचकतील: सजावटीतून लाल रंग पूर्ण काढून टाका. कापडात नको, कंदिलात नको, फुलांत नको, दिव्यांत तर नकोच. कलादालनात लाल ठिपक्याचा अर्थ ठरलेला आहे, चित्र विकलं गेलं. एरवी तो नखाएवढा असतो आणि किंमतपट्टीच्या कोपऱ्यात लपतो. तुम्ही तो तीन इंचांचा करा, चांगल्या जाड कार्डाचा, आणि बोली पक्की झाली की कार्यकर्त्याने सगळ्यांच्या देखत जाऊन तो पट्टीशेजारच्या खुंटीवर अडकवायचा. दालनात हळदी, मोरपिशी, पोपटी, अबोली, जांभळा असे सगळे रंग नांदत असतील आणि लाल कुठेच नसेल, तर पहिला लाल ठिपका शेवटच्या टेबलावरूनही दिसतो. पाचवा लागला की लोक मोजायला लागतात. दहावा लागला की ज्यांना आपलं चित्र हातचं जाईल असं वाटतं ते खुर्चीतून उठतात. निधीच्या कार्यक्रमात सजावटीने करायचं काम ते हेच. पाहुण्यांच्या साड्यांत लाल येणारच, त्याची फिकीर नको, कारण माणसं हलत असतात. भिंतीवर स्थिर उभा लाल फक्त दोन गोष्टींचा असावा, विकल्याच्या ठिपक्याचा आणि अग्निशामक नळकांड्यांचा. ती नळकांडी कापडाने झाकायचा मोह मांडववाल्याला हमखास होतो, त्याला तिथेच थांबवा.

दुसरा सल्ला छताबद्दल. तुमच्याकडे येणारा प्रत्येक सजावटकार म्हणेल, "ओलीचे डाग दिसतात, वरून सीलिंग मारून टाकू." त्याला नाही म्हणा. ज्या गोष्टीसाठी पैसे मागायचे तीच गोष्ट त्या संध्याकाळी गुंडाळून ठेवण्यात काय अर्थ आहे? बाकी छताखाली रंगीत पट्टे सोडा, आणि जिथे सगळ्यात वाईट ओल उतरली आहे तो भाग उघडा ठेवून त्यावर एक साधा पांढरा झोत टाका. खाली एका स्टँडवर छोटी पाटी: गळती कुठून होते, काम काय करायचं आहे, अंदाजे खर्च किती. भाषणात विश्वस्तांनी नुसतं वर बोट दाखवलं तरी पुरे. आजूबाजूला एवढा रंग असल्यामुळे तो पोपडे आलेला करडा तुकडा फार ठळक दिसतो.

आता चित्रकारांची धास्ती. ती वाजवी आहे आणि तिला शास्त्राचा आधारही आहे. पॅरिसच्या गोबेलां या भिंतीवर टांगायचे चित्रपडदे विणणाऱ्या शाही कारखान्यात शेव्हरल नावाचा रसायनतज्ज्ञ १८२४पासून रंगविभाग सांभाळत होता. तिथल्या काळ्या धाग्याचा रंग फिका पडतो अशी तक्रार त्याच्याकडे आली. त्याने तपासलं तर रंगात काही खोट नव्हती. शेजारी निळा-जांभळा धागा विणला की काळा उतरलेला दिसत होता. शेजारचा रंग डोळ्याला फसवतो, याचा नियम त्याने १८३९च्या पुस्तकात मांडला. तुमच्या दालनात हेच घडेल. राखाडी आभाळाच्या जलरंगाशेजारी भगवा पडदा लावा, आभाळ निळसर दिसेल. हिरव्या निसर्गचित्राशेजारी राणी रंग लावा, हिरवा अंगावर येईल. चित्रकाराने महिनाभर घोटलेला तोल पडदेवाला अर्ध्या तासात बिघडवतो.

म्हणून भिंतींना काहीही लावायचं नाही. पडदा, झालर, तोरण, काहीच नाही. भिंतीपासून पाच फूट आतपर्यंत जमिनीवर आणि छताखालीही रंग नको. छताचाही यासाठी, की वर झगझगीत पिवळं कापड असेल तर त्यावरून परावर्तित होणारा उजेड पिवळाच असतो आणि तो चित्रावर सांडतो. पाच फुटांचा हा पट्टा पाहुण्यांना चित्रांपुढून निवांत फिरायलाही लागतोच, आणि त्यामुळे खुर्च्यांच्या पाठी चित्रांना घासत नाहीत.

दिव्यांवर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण अशा कार्यक्रमांचा सगळ्यात मोठा घात दिवेच करतात. लग्नांच्या हॉलमधून आलेली सवय अशी, की भिंतीच्या पायाशी रंग बदलणारे एलईडी झोतदिवे, ज्यांना 'पार' म्हणतात ते, ठेवायचे आणि सगळी भिंत जांभळी-गुलाबी करून टाकायची. कलादालनात याच्याइतकं वाईट काही नाही. लाल उजेडात पांढरा कागदही लाल दिसतो आणि लाल रंगाची रेष त्यात विरघळून जाते. निळ्या उजेडात केशरी मळकट तपकिरी होतो. लोक ज्या वस्तूवर हजारो रुपये लावणार ती वस्तूच खरी दिसत नाही. शिवाय प्रत्येकजण मोबाइलवर फोटो काढून घरच्यांना पाठवतो, "हे घेऊ का?" म्हणून. त्या फोटोत चित्राऐवजी जांभळा धब्बा गेला, तर घरून उत्तर काय येणार?

चित्रांवर फक्त पांढरा उजेड, ३००० ते ४००० केल्व्हिनच्या दरम्यानचा (उजेड किती पिवळट की निळसर, याचं माप), आणि सीआरआय, म्हणजे रंग किती खरे दिसतात तो आकडा, ९०च्या वर असलेल्या दिव्यांचा. हा आकडा दिव्याच्या खोक्यावर छापलेला असतो. नसेल तर तो दिवा घेऊ नका. संग्रहालयांत जलरंगांसाठी साधारण ५० लक्स (पृष्ठभागावर पडणाऱ्या उजेडाचं माप) आणि तैलरंगांसाठी २०० लक्सपर्यंत उजेड ठेवण्याची रीत आहे, कारण कागदावरचे रंग उजेडाने उडतात आणि उडालेला रंग परत येत नाही. मोबाइलवर लक्स मोजायची ॲपं मिळतात, अंदाजाला ती चालतात. तुमच्या एका संध्याकाळीपुरतं घाबरायचं मात्र कारण नाही. हे नुकसान साचत जाणारं असतं. ५० ऐवजी १०० लक्स चार तास ठेवले, तर ते नेहमीच्या उजेडातल्या आठ तासांच्या एका दिवसाएवढंच होतं. जलरंगाच्या मालकाला हा हिशोब आधी सांगून त्याची संमती घ्या.

खरी मेख टेबलांच्या उजेडात आहे. डोळा सगळ्यात उजळ जागेशी जुळवून घेतो. टेबलांवर लख्ख प्रकाश असेल तर १०० लक्सचं चित्रही अंधारात टांगल्यासारखं वाटतं. म्हणून टेबलांवरचा उजेड चित्रांवरच्या उजेडाच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त नको. ताटात काय आहे ते दिसलं की झालं. आणि याचा थेट परिणाम रंगांच्या निवडीवर होतो. मंद उजेडात गडद मरून, नेव्ही ब्लू, बॉटल ग्रीन हे तिघेही काळे दिसतात. दुकानात भारदस्त वाटलेलं कापड संध्याकाळी शोकसभेचं वाटतं. हळदी, अबोली, पोपटी, फिका मोरपिशी, लिंबोणी असे मुळातच उजळ रंग घ्या. कापड घेताना नमुन्याचा तुकडा घरी आणा आणि रात्री एकाच मंद दिव्याखाली बघा. लक्ष्मी रस्त्यावरच्या दुकानातल्या ट्यूबलाइटखाली काहीही ठरवू नका.

छताचं कापड. खर्च कमी, दिसतं भरपूर, म्हणून रंगाचा मोठा वाटा इथे टाका. साधं सुती पॉपलिन किंवा अस्तराचं कापड चालतं, ४४ इंच पन्ह्याचं. सॅटिन आणि चकाकणारं नेट नको. ते दिवे परावर्तित करतं आणि लग्नाचा मांडव वाटतो. दोन्ही बाजूंचे पाच-पाच फूट सोडले तर तुमच्या रुंदीत ३५ फुटांचा पल्ला उरतो. लोकांना वाटतं झोळ दिला की कापड फार जातं. तसं नाही. ३५ फुटांत तीन फुटांचा झोळ दिला तरी कापड जेमतेम आठ इंच जास्त लागतं. बांधायची टोकं धरून एका पट्ट्याला १२ मीटर धरा. पाच-पाच फुटांवर पट्टे घेतले आणि गळतीचा भाग उघडा सोडला, तर दहा पट्टे, म्हणजे १२० मीटर कापड. रंगांचा क्रम एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे सरकता ठेवा: हळदी, मग अबोली, मग पोपटी, मग मोरपिशी. एकाआड एक मिसळलेत तर जत्रेतल्या पाळण्याचं छत होतं.

हे पट्टे जिप्समच्या फॉल्स सीलिंगला अडकवू देऊ नका, ती वजन धरत नाही. दोन्ही बाजूंना पाइपचे खांब आणि आडवा पाइप उभारून त्याला बांधा. स्प्रिंकलर, म्हणजे आग लागली की छतातून पाणी फवारणाऱ्या तोट्या, असतील तर कापड त्यांच्यापासून निदान अर्धा मीटर खाली हवं. धूरशोधकांना प्लॅस्टिकची पिशवी घालून ठेवायची एक घातक पद्धत आहे, ती कोणी केली तर काढायला लावा. सुती कापड आगीला दाद देणार नाही असं करणं सोपं आहे: दहा लिटर कोमट पाण्यात ७०० ग्रॅम बोरॅक्स आणि ३०० ग्रॅम बोरिक ॲसिड विरघळवायचं, कापड भिजवून न पिळता वाळवायचं. मग एक चिंधी बाहेर नेऊन काडी लावून बघायची. ज्योत काढली की कापड जळत राहता कामा नये. जळत राहिलं तर पुन्हा भिजवा. पॉलिएस्टरवर हा उपाय लागू पडत नाही, सुती घ्यायचं हे आणखी एक कारण. आणि धुतलं की हा गुण जातो, पुढच्या वर्षी परत करावं लागेल.

विश्वस्तांना हवं असलेलं 'एकदम रंगीबेरंगी' सगळं पोर्चमध्ये ओता. डिसेंबरात पुण्यात सहाच्या सुमारास सूर्य मावळतो, पाहुणे सातला येणार, म्हणजे अंधारात उजळलेलं पोर्च हीच पहिली ओळख. इथे आकाशकंदील लावा, आणि विकतचे नको. दिवाळीनंतर कंदील स्वस्त मिळतात हे खरं. मुंबईत माहीमची कंदील गल्ली आहे, पुण्यात रविवार पेठ आणि बोहरी आळीत सगळं सामान मिळतं. पण तुमच्याकडे चित्रकार आहेत! बांबूच्या कामट्यांचे चाळीस सांगाडे करून घ्या, दोन फुटी, आणि प्रत्येक चित्रकाराला एकेक द्या. पतंगी कागदावर हवं ते करा म्हणावं, अट एकच, लाल नाही. कागद चिकटवायला खळ वापरू नका, किडे येतात, फेविकॉल वापरा. आत कमी वॅटचा एलईडी. झिरमिळ्यांचं टोक जमिनीपासून आठ फूट वर, नाहीतर उंच पाहुण्यांच्या केसांत अडकतात. ज्या पाहुण्याला दालनातलं चित्र परवडत नाही तो जाताना चित्रकाराच्या सहीचा कंदील घेऊन जातो. त्यांची किंमत आधीच लिहून ठेवा.

झेंडूची तोरणंही पोर्चमध्येच. आत ताजी फुलं नकोत, कारण त्यांच्याबरोबर परागकण, बारीक किडे आणि पाण्याची भांडी येतात. लिलीचे पराग कॅनव्हासला किंवा कुणाच्या साडीला लागले तर डाग सहजी निघत नाही. रांगोळीबद्दल तर सचिव म्हणून तुम्हाला भांडावं लागेल. गालिचा रांगोळी आतच काढू, मध्यभागी, असा आग्रह कुणीतरी धरणार. रांगोळीची भुकटी फार बारीक असते, माणसं फिरली की उडते आणि चित्रांवर बसते. बाहेर पायऱ्यांशी काढा, हवी तेवढी मोठी.

दीपप्रज्वलनाला आपल्याकडे नाही म्हणता येत नाही, म्हणूही नये. समई पोर्चमध्ये, खाली वाळू भरलेली परात, आणि प्रज्वलन झाल्यावर पाहुण्यांनी आत यायचं. चाळीस चित्रं आणि १२० मीटर कापड असलेल्या दालनात उघडी ज्योत नेऊ नका, मग प्रमुख पाहुणे कितीही मोठे असोत. उदबत्ती, कापूर, धूपही बाहेरच. धुराचं यंत्र, कोरड्या बर्फाचे ढग, लग्नातलं ते कोल्ड फायर, कागदाच्या चुऱ्याचे फटाके यांपैकी काहीही घ्यायचं नाही. हेलियमचे फुगे सुटून छताला जाऊन बसतात आणि तिथून काढायला शिडी लागते. थर्माकोलच्या सजावटीवर महाराष्ट्रात २०१८पासून बंदी आहे, तरी 'थोडंसं चालतं हो' म्हणणारे भेटतात. त्यांना नमस्कार करा.

पोर्चमधून दालनात शिरताना दारातले आठ-दहा फूट अगदी कोरे ठेवा. पांढरी भिंत, साधी जमीन, यजमान आणि बोलीचे पंखे वाटणारी मुलं, बस्स. एवढा रंग पाहिल्यावर डोळ्यांत त्याची विरुद्ध छटा काही क्षण तरंगत राहते. ती ओसरल्याशिवाय पहिलं चित्र नीट दिसत नाही. बोलीचे पंखे म्हणजे लिलावात वर करायचे क्रमांक. साधे पुठ्ठ्याचे हातपंखे करा, पिवळ्यावर काळा मोठा आकडा. लिलाव पुकारणाऱ्याला मंद उजेडात दुसरं काही वाचता येत नाही.

टेबलं. १२० जणांना आठ-आठच्या हिशोबाने पाच फुटी गोल पंधरा टेबलं लागतील. खालची पांढरी चादर केटररची, ती भाड्यात येते. वर रंगीत चौकोन टाका. ४४ इंच पन्ह्याचं कापड ४४ इंचच लांब कापलं, की चौकोनाचा कर्ण ६२ इंच होतो आणि चारही टोकं टेबलाच्या कडेशी येऊन थांबतात, तुकडे जोडावे लागत नाहीत. शिलाईत एखादा इंच जातो तेवढाच. पंधरा टेबलांना १७ मीटर कापड पुरतं. जमत असेल तर मधोमध गुळेदगुडच्या खणाची एक पट्टी टाका. त्याची विणीतली चमक मंद उजेडातही खुलते.

मधे फुलदाणीऐवजी सावंतवाडीची लाकडी फळं ठेवा, चितारआळीत होतात ती. आंबा, सीताफळ, पेरू, केळी. पाणी नाही, वास नाही, किडे नाहीत, रंग भरपूर, आणि उंची दहा-बारा इंचांच्या आत राहते, त्यामुळे समोरच्या माणसाचं तोंड दिसतं. टेबलावर चिठ्ठी ठेवा की फळांची टोपली विकत मिळेल. घाऊक भाव आणि विक्रीची किंमत यांतला फरक छताच्या खात्यात. डाळिंब आणि सफरचंद मागवू नका, कारण वर सांगितलंच आहे.

टेबलांवर किंवा मंचावर वारलीची छापील चित्रं लावू या, 'आपली कला' म्हणून, असं कुणी सुचवलं तर माझं मत विरुद्ध आहे. चित्रकारांच्या मदतीच्या कार्यक्रमात फ्लेक्सवर छापलेली फुकटची वारली लावणं मला पटत नाही. हवीच असेल तर डहाणू-जव्हारकडच्या वारली चित्रकाराला रीतसर मानधन देऊन बोलवा आणि त्याचं काम भिंतीवर, किंमतपट्टीसह लावा.

मंचामागच्या फ्लेक्सवरून वाद होईल, कारण देणगीदारांना आपलं नाव दिसायला हवं असतं. ती अपेक्षा गैर नाही. पण बारा चेहरे आणि चार बोधचिन्हं असलेला छापील पडदा लागला की तो दालनातलं सगळ्यात मोठं आणि सगळ्यात वाईट चित्र ठरतो. मागे साधं राखाडी कापड ठेवा आणि नावं पोर्चमध्ये, एका मोठ्या फळ्यावर, सुलेखन करणाऱ्या कुणाकडून हाताने लिहून घ्या. लोक त्या फळ्याशेजारी उभं राहून फोटो काढतात. फ्लेक्ससमोर कुणी काढत नाही.

पैशाची वाटणी माझ्या हातात असती तर निम्मे दिव्यांवर, पाव कापड आणि पाइपांवर, उरलेल्यात कंदील, टेबलं, पोर्च, आणि थोडी शिल्लक. एक लक्षात ठेवा, छतासाठी पैसे मागणाऱ्या संस्थेची सजावट महागडी दिसली तर देणाऱ्याचा हात आखडतो. हौस दिसू दे, श्रीमंती नको. त्यामुळे भाड्याची झुंबरं कुणी 'कमी भावात' देत असेल तरी घेऊ नका.

कामाचा क्रम: पहिल्या दिवशी पाइप आणि छताचं कापड, तेव्हा चित्रं भिंतीवर नकोत. उतरवणं शक्यच नसेल तर समोर प्लायचे तक्ते उभे करा, कारण शिडीचा पाय सरकला की आधी चित्राला भोक पडतं. दुसऱ्या दिवशी चित्रं टांगायची आणि अंधार पडल्यावर दिवे जुळवायचे. दिवसा जुळवलेले दिवे रात्री पुन्हा जुळवावे लागतात. टेबलं शेवटच्या दुपारी. जेवणाचा काउंटर दालनात नको, व्हरांड्यात ठेवा, वाफ आणि फोडणीचा धूर बाहेरच राहील.

मांडववाल्याशी हे सगळं कागदावर लिहून घ्या: भिंतीला खिळा नाही, दोन्ही बाजूंनी चिकटणारी टेप नाही, रंगीत पार नाहीत, आणि उतरवण्याचं काम दुसऱ्या दिवशी सकाळी. रात्री बारानंतर दमलेली पोरं पाइप ओढायला लागतात, आणि तेव्हा विकलेली चित्रं अजून भिंतीवरच असतात. सकाळच्या माणसांची जास्तीची मजुरी लागेल, ती सुरुवातीलाच अंदाजपत्रकात धरा.